तुआसला उतरलेली दिलिजाँस

पुण्यातल्या एका कॉलेजात मी निवृत्त होईपर्यंत फ्रेंच शिकवत होते. पहिल्या वर्षाच्या धड्यांत एक शब्द हमखास यायचा, ‘दिलिजाँस’, आणि मुलं तो हमखास चुकवायची. इंग्रजीतला डिलिजन्स त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असायचा, त्यामुळे ‘प्रवासी कष्टाळूपणात बसून पॅरिसला गेले’ अशी वाक्यं उत्तरपत्रिकांत भेटायची. मग मी सांगायचे की ही घोड्यांची गाडी. रेल्वे येण्याआधी फ्रान्समध्ये गावोगावी धावणारी, माणसं आणि टपाल एकत्र नेणारी. नावाचा अर्थ त्वरा. आपल्याकडे मुंबईला पूर्वी शिग्राम नावाची घोडागाडी असायची, तेही नाव ‘शीघ्र’वरून पडलं असं म्हणतात. दोन्हीकडच्या लोकांना आपापली गाडी वेगवानच वाटली असणार. एवढं सांगून मी फळ्यावर चित्र काढायचे आणि ते दरवेळी टांग्यासारखं दिसायचं. खरी दिलिजाँस मी बघितलीच नव्हती. फ्रान्सला दोनदा जाऊन आले, तरी नाही.

ती मला दिसली सिंगापूरला. आता परत येऊन महिना झाला, तरी कोणी ‘काय काय पाहिलं?’ म्हणून विचारलं की मी समुद्रकाठच्या उंच इमारती सोडून तिच्याबद्दलच बोलायला लागते. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

टॅम्पिनीस

माझा धाकटा भाऊ प्रशांत, त्याची बायको विशाखा आणि त्यांची मुलगी टॅम्पिनीसमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. अकरावा मजला. खिडकीतून समोर तशाच इमारती, त्यांच्यामध्ये पावसाने धुतलेली झाडं, आणि खाली खांबांवर मोकळी सोडलेली जागा, जिथे सकाळी चिनी आजी-आजोबा व्यायाम करतात आणि संध्याकाळी मलय लग्नाचा मांडव पडलेला असू शकतो. आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये गणपती बसतो, तसंच काहीसं. पहिल्या दिवशी विशाखाने मला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मोठ्या मंडपात नेऊन ‘कॅरट केक’ खायला घातला. त्यात गाजरही नव्हतं आणि तो केकही नव्हता. मुळ्याच्या वड्या अंड्याबरोबर परतलेल्या होत्या, आणि फार छान लागत होत्या. मी नावाबद्दल तक्रार केली तर भाची म्हणाली, “आत्या, just eat lah.”

प्रशांत मात्र घरात असून नसल्यासारखा होता. अवजड यंत्रं हलवणाऱ्या एका कंपनीत तो इंजिनिअर आहे. बोटीतून आलेलं टर्बाइन किंवा बॉयलर उतरवून ठरलेल्या जागी नेऊन बसवायचं, हे त्याचं काम. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. त्याचे डबे मी केले, त्याची पुस्तकं मी आणली, तो इंजिनिअर झाला तेव्हा त्याच्यापेक्षा मीच जास्त रडले. आता तो जेवताना फोनकडे बघत होता आणि मी विचारलेल्या प्रश्नांना ‘हं’ म्हणत होता. विशाखाने मला बाजूला घेऊन सांगितलं की त्याच्या पासच्या, म्हणजे इथे राहून काम करण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणाची वेळ आली आहे, कंपनीत माणसं कमी करताहेत, आणि नेमकं आत्ताच एक विचित्र काम गळ्यात पडलं आहे.

ते विचित्र काम त्याने तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवलं. फोनवर इंग्रजी सूचनांचा एक कागद होता. मूळ फ्रेंच, फोननेच भाषांतर केलेलं. ‘लाकडी चपला चाकाखाली घाला. बाणाला दोर बांधू नका. सम्राज्ञीवर कोणी चढू नये. यंत्रणा सैल करा.’ असा साधारण त्याचा मजकूर होता.

“ताई, हे काय आहे?” तो म्हणाला. “आमच्या फिटरने सैल करायचं म्हणून पुढच्या आसाच्या नटांना पाना लावला होता. मी वेळेवर पोचलो म्हणून.”

मी विचारलं, वस्तू काय आहे? तो म्हणाला, जुनी घोडागाडी. इथल्या एका हॉटेलच्या मालकीणबाईंनी फ्रान्समधून विकत घेतली आहे, लॉबीत ठेवायला. मी मूळ फ्रेंच कागद मागितला. वरच्या ओळीत तो शब्द होता.

खरं सांगायचं तर बाकीचे शब्द मलाही कळले नाहीत. ‘साबो’ म्हणजे लाकडी पादत्राण, ‘फ्लेश’ म्हणजे बाण, हे मीही असंच शिकवलं होतं. गाडीवानांच्या भाषेत त्यांचे अर्थ वेगळे असणार एवढंच समजत होतं. कागदाच्या तळाशी फोन नंबर होता. फ्रान्समध्ये तेव्हा दुपार होती. मी फोन लावला.

पलीकडे ओदील नावाच्या बाई होत्या. आवाजावरून वय झालेलं, आणि बोलणं डोंगराळ भागातलं, प्रत्येक ‘र’ घोळवून. गाडी त्यांनी दुरुस्त केली होती. सिंगापूरहून कोणीतरी फ्रेंचमध्ये बोलतंय म्हटल्यावर त्या आधी गप्पच झाल्या, आणि मग अर्धा तास थांबल्या नाहीत. साबो म्हणजे उतारावर चाकाखाली सरकवायची लोखंडी पट्टी, साखळीने बांधलेली. बाण म्हणजे गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब दांडा. सम्राज्ञी म्हणजे टपावरची जागा. आणि ‘यंत्रणा’ म्हणजे साधा ब्रेक, मागच्या चाकांवर लाकडी ठोकळे दाबणारा, हँडल फिरवून चालणारा.

मी एकेक शब्द मराठीत सांगत होते आणि प्रशांत लिहून घेत होता. खूप दिवसांनी आम्ही एका टेबलावर एकमेकांकडे बघत बसलो होतो. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, “परवा खोकं उघडायचंय. येशील?”

तुआस

तुआस म्हणजे सिंगापूर बेटाचं पश्चिमेचं टोक. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, निघालं की सगळं सिंगापूर एका बाजूने दुसरीकडे पार करावं लागतं. फ्लॅटच्या रांगा संपतात, मग कारखाने सुरू होतात, आणि शेवटी समुद्राच्या कडेला क्रेन दिसायला लागतात. मी मुंबईची गोदी पाहिलेली आहे. इथे एकामागे एक, धुक्यात विरून जाईपर्यंत क्रेन उभ्या होत्या आणि त्यांच्या पायांत डबे वाहणारी वाहनं फिरत होती, त्यांत चालक नव्हते. एक वाहन येऊन थांबलं, वरून कंटेनर उतरला, वाहन निघून गेलं, आणि या सगळ्यात एकही माणूस दिसला नाही. मी गाडीच्या काचेला नाक लावून बघत राहिले. प्रशांत म्हणाला की आपण बघतोय तो फक्त एक कोपरा.

त्याच्या कंपनीची शेड तिथून जवळच. आत ट्रेलरवर एका खोलीएवढं लाकडी खोकं होतं. हॉटेलच्या मालकीणबाई आधीच येऊन खुर्चीवर बसल्या होत्या. मॅडम को, साठीच्या, पायात साधे बूट, हातात कॉफीची प्लास्टिकची पिशवी आणि तीत स्ट्रॉ. त्यांनी मला विचारलं, तुम्ही त्या भाषांतर करणाऱ्या ताई ना? ‘ताई’ हा शब्द त्यांनी प्रशांतच्या तोंडून उचलला होता. मग सगळी शेडच मला ताई म्हणायला लागली.

खोक्याची समोरची बाजू काढली. आधी वास आला, चामड्याचा आणि जवसाच्या तेलाचा. मग पिवळा रंग दिसला, हळदीसारखा गडद. मग काळी दारं, लाल चाकं. मागची चाकं माझ्या खांद्याला लागतील एवढी उंच. दारावर दोन गावांची नावं, इथून तिथे, सोनेरी अक्षरांत. टपावर चामड्याचं झाकण, त्याच्यापुढे हाकणाऱ्याची बैठक, आणि ती इतकी उंच की मान वर करून बघावं लागलं. इतकी वर्षं मी फळ्यावर जे काढत होते त्याचं हिच्यापुढे खेळणं झालं असतं. हे एक हलणारं घर होतं. मी पुढे जाऊन चाकाच्या आरीला हात लावला. लाकूड गार होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते का, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

आता तिला ट्रेलरवरून उतरवायचं होतं. उतार लावलेला होता. पुढून जाड दोर बांधून यंत्राने धरायचं, आणि गाडी मागच्या मागे हळूहळू खाली सोडायची. ब्रेकच्या हँडलपाशी सेल्वम नावाचा तमिळ फिटर उभा होता, तोच तो पाना लावणारा. मी बाजूला फोन धरून उभी, व्हिडिओवर ओदील. त्यांचे पांढरे केस, मागे अवजारांची भिंत. त्या सांगत होत्या, मी प्रशांतला मराठीत सांगत होते, तो इतरांना इंग्रजीत. अर्ध्या उतारापर्यंत सगळं सुरळीत झालं.

मग मागचं एक चाक अडलं. दुसरं फिरत राहिलं, आणि गाडी तिरकी व्हायला लागली. उताराची कडा हातभर अंतरावर आली. प्रशांतने हात वर करून यंत्र थांबवलं. दोर कुरकुरला. सेल्वम हँडलवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत होता.

ओदील ओरडून काहीतरी म्हणाल्या, तेवढ्यात चित्र गोठलं. मला ऐकू आलं, ‘...सेरे!’

फ्रेंचमध्ये ‘सेरे’ म्हणजे घट्ट करा. ‘देसेरे’ म्हणजे सैल करा. पहिलं अक्षर त्या बोलल्या होत्या की नाही, मला माहीत नव्हतं. फोन बंद पडला.

“ताई, घट्ट की सैल?”

“कळलं नाही. पुन्हा विचारते.”

शेडच्या दाराबाहेर आभाळ काळं झालं होतं आणि वारा सुटला होता. इथे पाऊस असा येतो की पाच मिनिटांत रस्ता दिसत नाही. ट्रेलरचा निम्मा भाग उघड्यावर होता. मॅडम को उठून उभ्या राहिल्या होत्या. फोन लागत नव्हता. प्रशांत माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “अंदाजाने सांग. तुझा अंदाज चुकणार नाही.”

असा विश्वास त्याने लहानपणी दाखवला होता. माझं मन त्याला काहीतरी उत्तर द्यायला धावलं. घट्टच म्हणाल्या असतील, गाडी घसरत असेल तर माणूस घट्टच करेल, नाही का? शब्द ओठांवर आला होता. मी सेल्वमच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, “नाही. मला ऐकू आलेलं नाही. मी सांगणार नाही.”

त्याचा चेहरा पडला, पण तो वळला आणि सगळ्यांना थांबा म्हणाला. कोणीच हललं नाही. मी नंबर पुन्हा लावला, पुन्हा लावला. बाहेर पहिले थेंब पत्र्यावर वाजायला लागले. अखेर ओदीलचा आवाज आला आणि मी मधेच तोडून म्हणाले की बाई, हाताने दाखवा, हँडल कोणत्या बाजूला. चित्र आलं. त्यांनी मूठ धरून डावीकडे फिरवली. सैल. दमट हवेत ब्रेकच्या ठोकळ्याचं नवं लाकूड फुगून एका चाकाला चिकटलं होतं. आणखी घट्ट केलं असतं तर चाक पूर्ण जाम होऊन गाडी कडेवरून गेली असती.

मी सेल्वमला हाताने तसंच दाखवलं. त्याने हँडल फिरवलं. काटकी मोडल्यासारखा एक आवाज झाला, चाक सुटलं, गाडी सरळ झाली. मग ती इतकी शांतपणे खाली आली की जमिनीवर टेकली कधी ते कळलंच नाही. माणसांनी ढकलून ती छपराखाली घेतली आणि पाठोपाठ पाऊस कोसळला.

प्रशांत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या शर्टाची पाठ पूर्ण भिजलेली होती आणि पाऊस तर त्याला लागलाच नव्हता.

पाऊस थांबेपर्यंत ओदीलने आम्हाला फोनवरून गाडी दाखवली. पुढे तिघांची खोली, ‘कूपे’, काचांची, सर्वांत महाग. मध्ये सहा जणांची. मागे गोल खोली, धुळीची, स्वस्त. आणि टपावर उघड्यावर बसणारे, सर्वांत स्वस्त. प्रशांतने मला विचारलं, “कोणी कुठे बसायचं हे कशावरून ठरायचं? जन्मावरून?” मी विचारून सांगितलं, भाड्यावरून. “मग ठीक आहे,” तो म्हणाला. आमच्या आजोबांच्या गावात ते कसं ठरायचं हे आम्हा दोघांना घरातून ऐकून माहीत होतं.

मैदान

ओदीलने गाडी विकताना एक अट घातली होती, आणि ती मॅडम कोंनी मान्य केली होती. लॉबीत चाकं जमिनीला कायमची पक्की होण्याआधी गाडी एकदा तरी घोड्यांनी ओढायची. माझ्या परतीच्या दोन दिवस आधी ते जमून आलं. शहराबाहेर घोडेस्वारीचं एक जुनं मैदान आहे, भोवती पसरलेले पर्जन्यवृक्ष, त्यांच्या फांद्यांवर नेचे वाढलेले. विशाखा आणि भाचीही आल्या होत्या.

घोडे आणले होते रोहानी नावाच्या बाईंनी. पन्नाशीच्या, डोक्याला रुमाल, त्यावर शिरस्त्राण. ओढकामाचे दोन प्रचंड घोडे, पायांवर केसांच्या झालरी. पूर्वी अशा गाडीला पाच घोडे लागायचे, पण सपाट मैदान आणि हलकं वजन म्हणून दोन पुरे होते. त्यांनी सांगितलं की त्यांचे आजोबा इंडोनेशियातल्या बाविआन बेटावरून इथे आले. त्या बेटावरची माणसं जुन्या सिंगापुरात घोड्यांची देखभाल करायची आणि गाड्या हाकायची. आजोबा गेले तेव्हा रस्त्यांवरून घोडे कधीच नाहीसे झाले होते. रोहानींनी आम्हाला केळीच्या पानात भाजलेला चिकट भात खायला दिला, आत नारळाचं तिखट सारण. आमच्याकडे हळदीच्या पानात पातोळ्या करतात, मी सांगितलं. त्यांना ते पटलं. पानात गुंडाळलेलं सगळं चांगलंच लागतं, म्हणाल्या.

घोडे जुंपायला बराच वेळ लागला. चामड्याचे पट्टे त्या पुन्हापुन्हा तपासत होत्या, घोड्यांशी मलयमध्ये हळू बोलत होत्या. मग कूपेचं दार उघडलं. मॅडम को चढल्या, त्यांनी मला हात दिला, आणि तिसऱ्या जागेवर कोण म्हणून मी मागे बघितलं तर प्रशांत फोन विशाखाच्या हातात देऊन पुढे येत होता.

आत निळसर राखाडी कापडाची गादी होती. समोर तीन काचा, त्यांतून घोड्यांचे रुंद पुठ्ठे आणि त्यांच्या पलीकडे हिरवं मैदान. वर रोहानी चढल्याचा आवाज आला. मी ओदीलला फोन लावला होता. त्यांच्याकडे सकाळ होती. त्या म्हणाल्या, चित्र नको, मला फक्त आवाज ऐकव. मग त्यांनी सांगितलं की ही चाकं त्यांच्या नवऱ्याने केली. लाकूड निवडणं, आऱ्या बसवणं, लोखंडी धाव तापवून चढवणं, सगळं त्याने स्वतः. गाडी पुरी व्हायच्या आधी तो गेला. गाडी शेडमधून बाहेर काढली ती ट्रॅक्टरने, आणि ती तशीच खोक्यात गेली. घोड्यांमागे तिचा आवाज कसा येतो ते त्या दोघांनी कधी ऐकलंच नाही.

मी काच खाली केली आणि फोन धरलेला हात बाहेर काढला.

वरून रोहानी म्हणाल्या, “जालान.” मलयमध्ये चालणं आणि रस्ता, दोन्हींना हाच शब्द आहे.

घोडे पुढे झुकले. आधी पट्टे ताणले गेले, मग लाकडात कुठेतरी खोल एक आवाज झाला, आणि सगळं घर हललं. मोटार निघते तशी ती निघाली नाही. ती उचलली गेली, डाव्या बाजूला थोडी कलली, परत आली, आणि डुलत चालायला लागली. चाकांचा आवाज आधी घरघरीसारखा, मग गवत संपून खडीचा रस्ता लागला तसा दगडांवरून धावणारा. टापा. पट्ट्यांवरच्या घंटा. पायाखालची फळी थरथरत होती आणि ती थरथर माझ्या दातांपर्यंत पोचत होती. झाडं एकेक करून मागे जात होती, घाई नव्हती, प्रत्येक झाड नीट दिसत होतं. आकाशात एक विमान उतरत होतं. मॅडम को पलीकडच्या खिडकीशी ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, देवळात बसावं तशा. आमच्या दोघींच्या मध्ये बसलेल्या प्रशांतने माझं मनगट पकडलं होतं, लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात पकडायचा तसं, आणि ते आपण पकडलं आहे हे त्याला कळलेलं नव्हतं.

मैदानाला वळसा घालून गाडी निघाली होती तिथे येऊन थांबली. घोडे फुरफुरले. मी हात आत घेतला. बोटं आखडली होती. फोन कानाला लावला तर पलीकडे काहीच नाही. फोन बंद पडला असं वाटून मी ओदील, ओदील अशा हाका मारल्या.

मग त्यांचा श्वास ऐकू आला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “आँकोर.”

“काय म्हणताहेत?” प्रशांतने विचारलं.

“अजून एकदा.”

मी खिडकीतून मान बाहेर काढून रोहानींना इंग्रजीत विचारलं. त्या खाली उतरल्या. एकेका घोड्याच्या मानेला, पोटाला हात लावून बघितला, तोंडाजवळचा फेस पुसला, कानात काहीतरी सांगितलं. मग लगाम गोळा करून पुन्हा वर चढल्या. मी फोन धरलेला हात बाहेर काढणार तेवढ्यात प्रशांत म्हणाला, “दे, मी धरतो,” आणि माझ्यावरून वाकून त्याने हात चाकाच्या शक्य तेवढा जवळ नेला.